क्लोरीन, रबर आणि माटुंग्याची रसायनशाळा

मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा मुंबई हे कापडगिरण्यांचे शहर होते. गिरणीत विणलेले कापड रंगवायचे तर रंगद्रव्ये परदेशातून यायची आणि ती वापरायची कशी हे सांगणारा माणूसही बहुधा परदेशीच असायचा. विभागाचे पहिले दोन अभ्यासक्रम या गरजेतूनच ठरले : एक वस्त्ररसायनाचा, दुसरा रासायनिक अभियांत्रिकीचा. त्या वर्षी सर विठ्ठल चंदावरकर कुलगुरू झाले होते. विद्यापीठाने पदव्या द्याव्यात आणि उद्योगांनी आपले आपण पाहावे, ही जुनी विभागणी त्या काळात मोडली गेली. विभागाचे पहिले प्रमुख आर. बी. फॉर्स्टर. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये के. वेंकटरामन आले आणि १९५७ पर्यंत राहिले. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले.

१९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, विभाग माटुंग्याला आजच्या जागेत आला. शेजारी आधीपासून व्हीजेटीआय होतीच. या दशकात रंग-रोगण, प्लास्टिक, तेले, औषधे अशा शाखा एकेक करून उभ्या राहिल्या आणि ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ही चार अक्षरे कारखानदारीत ओळखपत्रासारखी चालू लागली. २००२ मध्ये संस्थेचे नाव बदलले, २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ आहे. जुनी माणसे मात्र अजून यूडीसीटीच म्हणतात. मीही या लेखात तेच म्हणेन.

वसई-नायगाव परिसरातल्या माजी विद्यार्थ्यांनी या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा संचालकांची नावे आणि इमारतींच्या तारखा यांची यादी करावी असे मला वाटले नाही. ती अन्यत्र मिळते. मी रंगतंत्राचा विद्यार्थी. ज्या एका पदार्थावर माझ्या पिढीतल्या अनेकांची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या आधाराने हा इतिहास सांगतो. तो पदार्थ म्हणजे क्लोरिनेटेड रबर. संस्थेने आम्हाला रसायन शिकवले म्हणजे नेमके काय शिकवले, हे या एका पदार्थातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच दिसेल.

आणि तो आपल्या भागाला परका नाही. त्याचे दोन मुख्य कच्चे माल म्हणजे मीठ आणि रबराचा चीक. मीठ तर आपल्या दारातलेच. भाईंदर सोडून गाडी खाडीवर आली, पाणजू बेट मागे पडले आणि नायगाव जवळ आले की रुळांच्या कडेने मिठागरांचे वाफे दिसू लागतात. आता त्यातले पुष्कळ ओस पडले आहेत. पण पावसाळा संपला की खाजणात भरतीचे पाणी घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचे आणि मे अखेरपर्यंत मिठाच्या राशी घालायच्या, हे आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम आहे. समुद्राचे पाणी आटत आटत २५ अंश बोमेच्या आसपास आले की मिठाचा दाणा धरू लागतो. त्यापुढे फार आटू दिले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार दाण्यात शिरतात. पाणी कधी सोडून द्यायचे हे आगरातल्या जाणत्या माणसाला रंगावरून आणि चवीवरून कळते. क्लोरीनच्या कारखान्याचीही पहिली चिंता हीच असते. मिठाच्या द्रावणातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळवायचा, तर त्या द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ असता कामा नये. म्हणून आधी सोडा ॲश आणि कॉस्टिक घालून ते खाली बसवतात. आगरात डोळ्यांनी आणि जिभेने होणारे काम कारखान्यात उपकरणाने होते, एवढाच फरक.

आता रबर. नैसर्गिक रबरात कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्यात ठरावीक अंतरावर दुहेरी बंध येतात. त्यावर क्लोरीन सोडला तर काय होते हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले होते. व्यापारी माल म्हणून तो उभा राहिला पहिल्या महायुद्धाच्या काळात झालेल्या पीची या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या कामानंतर. मग जर्मनीत ‘टॉर्नेसिट’ आणि ‘पेर्गुट’, इंग्लंडमध्ये ‘ॲलोप्रीन’, अमेरिकेत ‘पार्लॉन’ अशा नावांनी तो विकला जाऊ लागला. पण आत नेमके काय घडते हे बराच काळ धूसर होते. क्लोरीन दुहेरी बंधावर जाऊन बसतो एवढेच खरे असते, तर तयार मालात वजनाने ५१ टक्के क्लोरीन भरला असता. प्रत्यक्षात चांगल्या मालात तो ६५ टक्क्यांच्या आसपास भरतो. ही वाढीव भर कुठून आली? १९४३ मध्ये, म्हणजे यूडीसीटी माटुंग्याला आली त्याच वर्षी, ब्लूमफील्ड या ब्रिटिश संशोधकाने त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. क्लोरीन आधी साखळीतला हायड्रोजन हुसकावून त्याची जागा घेतो, त्याच वेळी साखळी स्वतःभोवती वळून कडी बनवते, नंतर उरलेल्या दुहेरी बंधांवर क्लोरीन बसतो आणि शेवटी पुन्हा हायड्रोजनची हकालपट्टी होते. हुसकावलेला हायड्रोजन आणखी एक क्लोरीन घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होऊन बाहेर पडतो.

परीक्षेसाठी एवढे पुरेसे होते. कारखान्यासाठी यापुढचा हिशेब करावा लागतो, आणि हा हिशेब करायची सवय संस्थेने आम्हाला लावली. क्लोरीन ज्या लोखंडी पिंपात येतो त्याला बाजारात टनर म्हणतात, त्यात सुमारे ९०० किलो क्लोरीन असतो. तेवढा क्लोरीन तयार व्हायला कागदावरच्या हिशेबाने सुमारे १,४८४ किलो मीठ लागते. त्या एका टनरमध्ये सुमारे २८८ किलो रबराचे काम होते आणि सुमारे ८०० किलो क्लोरिनेटेड रबर हाती येते. म्हणजे ज्याला आपण रबर म्हणतो त्यात रबर निम्म्याहून बरेच कमी, बाकी सगळे मिठातून आलेले. पण त्याच वेळी सुमारे ३८५ किलो आम्लवायूही बाहेर पडतो. तो पाण्यात शोषून घेतला तर ३२ टक्क्यांचे सुमारे १,२०० किलो आम्ल होते. मालापेक्षा आम्लच जास्त! विकत घेतलेल्या क्लोरीनपैकी ४० टक्क्यांहून अधिक या आम्लातून निघून जातो. तारापूर किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोलाद धुण्यासाठी किंवा रंगद्रव्यांसाठी ते घेणारा ग्राहक मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर चुना टाकून मारायचे आणि तो खर्च मालावर चढवायचा. तेव्हा क्लोरिनेटेड रबराचा कारखाना खरे पाहता आम्लाचाही कारखाना असतो. हे ज्याने आधी ओळखले नाही त्याचा हिशेब पहिल्या वर्षातच कोलमडतो.

जुनी पद्धत द्रावकाची. रबराच्या शीटा दोन रुळांच्या मिलवर दळून मऊ करायच्या म्हणजे साखळ्या तुटून आखूड होतात. तसे केले नाही तर द्रावण इतके घट्ट होते की क्लोरीन आत शिरत नाही. मग कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ते विरघळवायचे, काही टक्केच, पातळसर. काचेचे अस्तर असलेल्या रिॲक्टरमध्ये हे द्रावण घेऊन खालून क्लोरीन सोडायचा. कार्बन टेट्राक्लोराइड निवडण्याचे कारण सरळ आहे : तो रबर विरघळवतो आणि स्वतः क्लोरीनला दाद देत नाही. त्याच्या रेणूत क्लोरीनला हुसकावता येईल असा हायड्रोजनच उरलेला नाही.

काम पुढे सरकते तसे चालकाचे लक्ष वरच्या वायूवर लागते. क्लोरीन आत खपत असतो तोवर वर फक्त आम्लवायू येतो, बिनरंगी, डोळ्यांत झोंबणारा. काचेच्या खिडकीत हिरवट पिवळी झाक दिसू लागली की समजायचे, रबराला आता क्लोरीन पचत नाही, तो तसाच निसटतो आहे. खातरजमेसाठी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला ओला कागद नळीशी धरतात, क्लोरीन असेल तर तो निळा पडतो. जोडावर, व्हॉल्व्हवर गळती आहे का हे पाहायला अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा काठीला बांधून फिरवतात. जिथे गळती तिथे पांढरा धूर उठतो. ही साधी युक्ती रात्रपाळीच्या अनुभवी चालकाकडून मी शिकलो आणि ती एका पाठ्यपुस्तकातल्या अनेक पानांच्या मोलाची होती.

क्लोरिनेशन पुरे झाले की अवघड भाग सुरू होतो. माल द्रावकात आहे, द्रावक काढायचा आहे. द्रावण जवळजवळ उकळत्या पाण्यात सोडतात. कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांच्या आतच उकळतो, पाण्याच्या सोबतीने तर त्याहूनही लवकर. तो वाफ होऊन निघतो, थंड करून परत पकडला जातो आणि खाली पाण्यात पांढरा, सच्छिद्र चुरा उरतो. तो धुवायचा, उरलेले आम्ल मारायचे आणि वाळवायचा. वाळवताना तापमान हात राखून ठेवावे लागते, कारण फार तापले की हा पदार्थ स्वतःच आम्ल सोडू लागतो आणि लोखंडाचा अंश असेल तर आणखी भराभर सोडतो. एवढे करूनही दाण्याच्या पोटात काही टक्के कार्बन टेट्राक्लोराइड अडकून राहतोच. कडक, काचेसारख्या पदार्थातून शेवटचा द्रावक बाहेर यायला तयार नसतो. शिवाय टाकीची झाकणे, पंपाचे ग्लँड, गाळण्या, वाळवणी या सगळ्या वाटांनी तो थोडा थोडा हवेत जात राहतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्याचे उत्तर रंगात आहे. तेलाचा रंग नव्या काँक्रीटवर लावला तर काँक्रीटमधला अल्कली तेलाचा साबण करतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. क्लोरिनेटेड रबरावर अल्कली चालत नाही, आम्ल चालत नाही, खारे पाणी चालत नाही आणि ते सहजी पेटतही नाही. म्हणून जहाजांचे तळ, पोहण्याचे तलाव, रस्त्यांवरचे पट्टे, रासायनिक कारखान्यांतले लोखंडी सांगाडे यांना त्याचा रंग लावला जाई. खाडीवर उभ्या असलेल्या लोखंडाची काय अवस्था होते हे नायगावकराला सांगावे लागत नाही. भरतीच्या रेषेजवळचे लोखंड दिवसातून दोनदा भिजते आणि दोनदा वाळते, मीठ तेवढे मागे राहते, आणि गंजाला याहून पोषक जागा नाही. अशा ठिकाणी आमच्या पिढीच्या रंगतंत्रज्ञाला आधी हाच रंग आठवायचा. झायलीनमध्ये विरघळवलेले क्लोरिनेटेड रबर, ते ठिसूळ राहू नये म्हणून क्लोरिनेटेड पॅराफिन आणि वर रंगद्रव्य, असा त्याचा साधा मेळ. झायलीन उडाले की रंग वाळला, दुसरी कुठली रासायनिक क्रिया लागत नाही. त्यामुळे थंडीतही तो वाळतो. दुसरा हात पहिल्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळून जातो, दोन थरांची फट राहत नाही. रंगाऱ्यासाठी मात्र हीच अडचण. दुसरा हात देताना ब्रश पुन्हा पुन्हा घासला तर खालचा थर उचलला जातो. एका ओढीत रंग लावून पुढे सरकायचे, मागे वळून बघायचे नाही, हे हातात बसायला वेळ लागतो. तेल, तूप, ग्रीस मात्र या रंगाला सोसत नाही. म्हणून खाद्यतेलाच्या कारखान्याला तो कधी सुचवू नये.

संस्थेच्या इतिहासात पुढचा अध्याय सुरू होतो १९६४ पासून. केंब्रिजला पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून मनमोहन शर्मा यूडीसीटीत प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. वायू आणि द्रव एकमेकांना भेटतात तिथे काय घडते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. वरवर पाहता तो कोरडा वाटतो. पण क्लोरिनेशनच्या रिॲक्टरशी उभे राहिलेल्या माणसाला त्याचे मोल लगेच कळते. खालून येणारा क्लोरीनचा बुडबुडा द्रावणातून वर जाईपर्यंत त्यातला किती वायू द्रवात उतरेल, हे बुडबुड्याच्या आकारावर, ढवळण्यावर, द्रवाच्या घट्टपणावर अवलंबून असते. रासायनिक क्रिया कितीही वेगवान असो, वायू द्रवात उतरलाच नाही तर ती उपाशीच राहते. रघुनाथ माशेलकर हे शर्मा यांचे विद्यार्थी. त्यांनी १९६९ मध्ये यूडीसीटीतून पीएच.डी. केली, आणि बुडबुड्यांच्या स्तंभातल्या मास ट्रान्सफरवरचा त्या दोघांचा १९७० मधला निबंध आजही उद्धृत होतो. पुढे ज्येष्ठराज जोशी आणि अनिरुद्ध पंडित यांनी ढवळणे, बुडबुडे, द्रवांचे वाहणे याच वाटेवर काम नेले आणि दोघांनीही संस्थेचे नेतृत्व केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांनी मिळून १९८४ मध्ये ‘हेटरोजीनियस रिॲक्शन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. वायू, द्रव आणि घन अशा वेगवेगळ्या अवस्था एकत्र येतात तेव्हाच्या क्रियांचा तो ग्रंथ आहे. १९९० मध्ये शर्मा यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. हे सगळे काम परदेशी विद्यापीठांच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या साधनांत झाले. या गोष्टीचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा आहे.

माझ्या मते यूडीसीटीचे खरे कर्तृत्व इथे आहे. तिने प्रयोगशाळेतला फ्लास्क आणि कारखान्यातला रिॲक्टर यांच्यामधली दरी हाच अभ्यासाचा विषय केला. फ्लास्कमध्ये क्लोरिनेशन कोणालाही जमते. दहा हजार लिटरमध्ये तेच करताना उष्णता कुठे जाईल, आम्लवायू कुठे जाईल, द्रावक किती परत मिळेल, हे ज्याला विचारता येते तो रासायनिक अभियंता. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाणे-बेलापूर, डोंबिवली, तारापूर, पुढे लोटे-परशुराम अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि तिथल्या कारखान्यांत माटुंग्याहून निघालेली मुले होती. केकी घरडा यांच्यासारख्यांनी स्वतःचे कारखाने उभारले. एशियन पेंट्सचे अश्विन दाणी हेही इथेच रंगतंत्र शिकले. पण ज्यांची नावे कुठे छापली जात नाहीत असे शेकडो पाळीप्रमुख आणि प्रक्रिया-अभियंते हीच संस्थेची मोठी मिळकत, असे मला वाटते.

कार्बन टेट्राक्लोराइडची पद्धत चालू राहिली असती, पण वातावरणाने तिचा हिशेब मागितला. ओझोनच्या थराला धोका पोहोचवणाऱ्या रसायनांवर बंधन घालणारा माँट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. १९९० मध्ये लंडनला त्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात कार्बन टेट्राक्लोराइडचाही समावेश झाला. हवेत गेलेला हा द्रावक काही दशके टिकतो, वर स्थितांबरात पोहोचतो आणि तिथल्या अतिनील किरणांनी फुटून त्याचा क्लोरीन मोकळा होतो. ओझोनचा घास घेण्याची त्याची क्षमता करारात १.१ धरली आहे, म्हणजे ज्या सीएफसी-११ वर सगळ्यांचा राग होता त्याच्याहून जास्त. भारत १९९२ मध्ये करारात सहभागी झाला. विकसित देशांना १९९६ पर्यंत, तर आपल्यासारख्या देशांना २००५ पर्यंत ८५ टक्के आणि १ जानेवारी २०१० पर्यंत पूर्ण वापर थांबवायचा होता.

त्यात एक बारकावा होता. कार्बन टेट्राक्लोराइड इथे मालात जात नाही, तो फक्त क्रियेला जागा देतो. अशा वापराला करारात प्रक्रिया-साधन म्हणतात. १९९८ मध्ये कैरोच्या बैठकीत अशा वापरांची यादी ठरली. त्या यादीत क्लोरिनेटेड रबराची निर्मिती आहेच, पण तिच्यासोबत क्लोर-अल्कली कारखान्यातला नायट्रोजन ट्रायक्लोराइड काढून टाकण्याचा वापरही आहे. हा नायट्रोजन ट्रायक्लोराइड कुठून येतो? मिठाच्या पाण्यात अमोनियाचा अंश असेल तर तिथून. तो साठला तर स्फोट होतो, म्हणून द्रव क्लोरीनमधून तो धुऊन काढायला हाच द्रावक वापरत. म्हणजे मिठापासून रबरापर्यंतच्या साखळीत कार्बन टेट्राक्लोराइड एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी बसलेला होता. भारतात २००० मध्ये ओझोनविषयक नियम आले आणि उद्योगांना दुसरी वाट धरणे भाग पडले.

ती वाट पाण्याची. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे मुळात पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण. मग तो गोठवून, शीटा करून, दळून पुन्हा द्रावकात विरघळवण्याऐवजी थेट चिकातच क्लोरीन सोडला तर? कल्पना नवी नाही, १९५० च्या सुमारास युरोपात यावर प्रयोग झाले होते. अडचणी मात्र पुष्कळ. चीक आम्लाने गोठतो आणि क्लोरिनेशनमध्ये तर आम्ल तयार होतच राहते. म्हणून आम्लातही टिकणारे पृष्ठसक्रियक घालून कण सुटे ठेवावे लागतात. त्याहून मोठी अडचण कणाच्या आत असते. क्लोरीन बाहेरून आत जातो, त्यामुळे आधी कणाचे कवच क्लोरिनेट होऊन कडक होते आणि पोट मऊ राहते. कडक कवचातून पुढचा क्लोरीन आत जायला तयार नसतो. असा माल झायलीनमध्ये नीट विरघळत नाही, रंग गढूळ होतो, गाठी राहतात. त्यावर उपाय म्हणून सुरुवात कमी तापमानाला करून मग हळूहळू ते वाढवतात, अतिनील दिव्याचा प्रकाश देतात, क्लोरीनचा दाब सांभाळतात. शेवटी माल गाळून धुवायचा. पाण्यात विरघळलेले आम्ल पातळ असते आणि त्यात पृष्ठसक्रियकाची घाण असते, त्यामुळे ते विकणे सोपे नसते. जुन्या पद्धतीत हवेवर जाणारा भार नव्या पद्धतीत सांडपाण्यावर येतो. तो सांडपाण्याच्या प्रकल्पात तरी पकडता येतो, म्हणून नवी पद्धत बरी, हे माझे स्पष्ट मत आहे.

हा सगळा प्रश्न वायू, द्रव आणि घन एकाच भांड्यात भेटण्याचा आहे. क्लोरीनचा बुडबुडा, पाणी आणि रबराचा कण. १९६४ पासून माटुंग्यात ज्याचा पाया घातला गेला तेच हे शास्त्र. द्रावकाच्या पद्धतीत त्याची गरज अर्धीच भासायची, पाण्याच्या पद्धतीत ते येत नसेल तर चांगला माल हाती येतच नाही. म्हणून मूळ विषय पक्का शिकवण्याचा संस्थेचा हट्ट मला इतका महत्त्वाचा वाटतो. पद्धती बदलतात. बुडबुड्यातला वायू द्रवात कसा उतरतो याचे नियम बदलत नाहीत.

दरम्यान बाजारही बदलला. इपॉक्सी, पॉलियुरेथेन, ॲक्रिलिक रंगांनी पुष्कळ जागा घेतली. झायलीनचा वास आणि हवेत जाणारा द्रावक यांमुळेही क्लोरिनेटेड रबराचे रंग मागे पडले. तरी रबर लोखंडाला चिकटवण्याच्या गोंदात आणि खास रंगांत ते अजून आहे.

लेखाच्या सुरुवातीला मिठाबरोबर रबराच्या चिकाचाही उल्लेख केला, त्याबद्दल. भारतात रबर म्हटले की केरळ डोळ्यांसमोर येते आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या दापचरीला, कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. उत्तर कोकणातला पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मग लांबलचक कोरडा उन्हाळा येतो. अशा हवेत रबराचे झाड कसे तग धरते, त्याला किती पाणी द्यावे लागते, चीक कधी धरतो, याचा अभ्यास तिथे झाला. नायगावची मिठागरे आणि दापचरीची रबराची झाडे एकाच जिल्ह्यात आहेत ही गोष्ट रसायन शिकणाऱ्या आपल्या मुलांना माहीत असावी. त्यांनी माटुंग्याला शिकायला जाण्यासाठी नायगावहून गाडी पकडून दादरला उतरण्याआधी एकदा उत्तरेकडची गाडी पकडून दापचरीही पाहून यावी.

आता स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. क्लोरिनेशनच्या ज्या युनिट्समध्ये आपल्यापैकी अनेकांनी काम केले त्यांतली कित्येक बंद झाली, कित्येकांत दुसराच माल निघतो. जे ज्ञान निबंधांत छापले गेले ते ग्रंथालयात सुरक्षित आहे. जे पाळीच्या नोंदवहीत होते ते रद्दीत जात आहे : कोणत्या मिलवर रबर किती वेळ दळले, झायलीनमध्ये गाठी का राहिल्या, द्रावकाचा ताळेबंद कुठे चुकला, अपघात होता होता कसा टळला. आपल्या घरी माळ्यावर अशा वह्या, प्रक्रियेची आकृतिपत्रके, जुनी प्रयोगपत्रके किंवा रंगाच्या चाचणीचे पत्रे असतील तर ते टाकू नका. ज्या कंपनीची गुपिते असतील तिची परवानगी घ्या, नावे खोडा, पण बाकीचे माटुंग्याच्या ग्रंथालयाकडे द्या. आणि ज्यांच्याकडे वह्या नाहीत पण आठवणी आहेत, त्यांनी त्या लिहून स्मरणिकेच्या संपादकांकडे द्याव्यात. पुढच्या अंकात त्यांना जागा आहे.